कोर्दोबातल्या दोन खोल्या

रोला, शारजा
शुक्रवार, ६ नोव्हेंबर १९९८

सौ. प्रमिलास,
अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुझं दिवाळीचं पत्र आणि अर्चनाने नाशिकहून पाठवलेला फोटो, दोन्ही पोचलं. जावईबापू फोटोत चांगलेच सुटलेले दिसतात. लेकीच्या हाताला चव आली म्हणायची, नाहीतर माहेरी असताना तिचा साधा भातही करपायचा. पूर्वी आमच्या खोलीत राहायचा त्या बदरुद्दीनला फोटो दाखवला. त्याला पोरीचं लग्न झालंय हेच खरं वाटेना. माझ्या पेटीवर चिकटवलेल्या फोटोत ती अजून दोन वेण्यांची आहे ना!

आता मुख्य बातमी. शुक्रवारच्या फोनवर ती सांगण्यासारखी नव्हती. इथे माझ्या पाठीमागे रांग ताटकळत असते आणि तिथे तुझ्या शिवणवर्गातल्या मुली कान टवकारून बसलेल्या असतात. तर ऐक. तीस जूनला माझी नोकरी संपते. साठ पूर्ण होतात, व्हिसा पुढे वाढणार नाही. जुलैत मी कायमचा कऱ्हाडला येतो. तेवीस वर्षांनी, कायमचा! लिहिताना हात थांबला होता, म्हणून शाईचा डाग पडलाय. गैरसमज नसावा.

दुसरी बातमी त्याहून नवलाची. आमच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, मला परवा आत बोलावून कावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, पाजला. तेवीस वर्षं तू लोकांना स्पेनमधल्या ग्रानादा आणि कोर्दोबाची बुकिंगं करून दिलीस, आता बायकोला घेऊन स्वतः बघून ये, असं म्हणाला आणि मे महिन्याची दोन तिकिटं द्यायचं कबूल केलं. तिथली छोटी हॉटेलवाली मंडळी माझ्या ओळखीची, म्हणजे फॅक्सवरच्या ओळखीची. त्यांनी राहण्याची सोय आपणहून देऊ केली आहे. मी आजवर किती हजार माणसांना हॉटेलात झोपवलं याचा हिशेब नाही, पण स्वतः एकाही हॉटेलात उतरलेलो नाही. तूही नाहीस.

सोबत आमच्या ऑफिसचं गेस्ट कार्ड पाठवतो आहे, लिहिताना चुकलं तर म्हणून एक जादा कोरंही. हे माझंच काम. चौऱ्याऐंशी साली एका म्हाताऱ्या गृहस्थांना पाय अधू असताना मी तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली होती. तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याकडून आधी बारा प्रश्नांची उत्तरं घेतो. जिना चढवतो का, खिडकी रस्त्याकडे हवी की अंगणाकडे, गादी कडक की मऊ, एक पलंग की दोन, सकाळी चहा की कॉफी. कार्ड भरून आल्याशिवाय मी हॉटेल निवडत नाही. तेव्हा तूही रीतसर भरून पाठव. बायको म्हणून सवलत मिळणार नाही.

तब्येतीला जप. तुझ्या पत्राची वाट बघतो आहे, हे लिहायला नकोच.

तुझा,
वासुदेव


कऱ्हाड
२० नोव्हेंबर १९९८

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

पत्र आणि कार्ड मिळालं. पत्र वाचून झाल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते. मुलींना वाटलं, काही वाईट बातमी आहे. मग त्यांना सांगितलं की साहेब कायमचे येताहेत, तर त्यांनी पेढे मागितले. द्यावे लागले.

कार्ड भरून पाठवते. बारापैकी अकरा प्रश्नांपुढे मी 'आपल्या मर्जीप्रमाणे' असं लिहिलंय. हसू नका. गादी कडक हवी की मऊ, असं बावन्न वर्षांत मला कोणी विचारलेलं नाही, मग एकदम काय उत्तर देणार? सकाळी कितीला उठता याचं मात्र खरं उत्तर दिलंय. साडेचार. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं तरी ती सवय सुटलेली नाही. डोळे उघडतात, मग आठवतं की आता कोणाला कुशीवर वळवायचं नाही.

त्यांच्या खोलीत मी शिवणवर्ग हलवलाय हे फोनवर सांगायचं राहिलं. चौदा मुली आहेत, यंत्रं सहा. वरची खोली मी माझ्याकडे घेतली. तिथून कृष्णेकडचा वारा येतो. तुम्ही आलात की सगळं पुन्हा बघावं लागेल.

स्पेनचं म्हणाल तर, इतक्या लांब जाऊन करायचं काय, असं वाटतं. जुलैत येणारच आहात. पण तिकिटं मिळालीच असतील तर वर्गाला मे महिन्यात सुट्टी देता येईल. पासपोर्ट अर्चनाच्या लग्नाआधी काढलेला आहे, तो चालेल ना?

स्वतःला सांभाळा, ऊन डोक्यावर घेऊ नका.

आपली,
प्रमिला


रोला, शारजा
शुक्रवार, ११ डिसेंबर १९९८

सौ. प्रमिलास,
अ. उ. आ. वि. वि.

अगं, असं कार्ड आमच्या ऑफिसात आलं असतं तर मी परत पाठवलं असतं! पण तुझ्या बाबतीत मला कार्डाची गरज नाही असं ठरवून सरळ कामाला लागलो. काल गुरुवार, अर्धा दिवस. सगळे गेल्यावर माहितीपत्रकांचा गठ्ठा टेबलावर पसरून बसलो होतो. बदरुद्दीन गाडी सुरू करून खालून 'यल्ला, यल्ला' ओरडत होता, कारण चारनंतर शारजाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. त्याला तासभर ताटकळत ठेवलं. रोजे आठवड्यावर आलेत म्हणून तो सध्या राग गिळायचा सराव करतोय.

निवड अशी केली आहे. मोठी हॉटेलं मुळीच नाहीत. तिथे माणसाला खोलीच्या नंबराने ओळखतात. सेव्हियात जुन्या वस्तीत एक घर आहे, गल्ली इतकी अरुंद की टॅक्सी बाहेर थांबते आणि सामान हातगाडीवर येतं. फार सुंदर, पण खोलीपर्यंत एकतीस उंच पायऱ्या. तुझे गुडघे लक्षात घेऊन ते सोडलं. त्याच गल्लीत तळमजल्यावरची खोली मिळाली आहे, थोडी अंधारी आहे पण पायरी एकही नाही. सकाळचा चहा बिनसाखरेचा सांगून ठेवलाय.

ग्रानादात मात्र मोह आवरला नाही. टेकडीवरचं घर आहे आणि समोरच्या टेकडीवर अल्हांब्रा, तो तांबूस किल्ला. एका खोलीच्या खिडकीतून तो अख्खा दिसतो. मी ही खोली निदान दीडशे नवविवाहितांना दिली असेल. कोरीव लाकडाचा एकच मोठा पलंग आहे. चौदा पायऱ्या आहेत, पण मी हात धरीन. वाचून लाजू नकोस, आणि पत्र मुलींच्या हाती लागू देऊ नकोस.

शेवटी कोर्दोबा. तिथे दोन्या रेमेदिओस (दोन्या म्हणजे तिकडचं 'बाईसाहेब') नावाच्या विधवा बाईंचं नऊ खोल्यांचं घर आहे. अंगणाभोवती खोल्या, मध्ये विहीर, भिंती फुलांच्या कुंड्यांनी भरलेल्या. खोल्यांना नंबर नाहीत, झाडांची नावं आहेत. बाई गेली चौदा वर्षं मला फॅक्स करतात, त्यांची भाची इंग्रजीत लिहून देते. बुकिंगच्या दोन ओळी आणि कुंड्यांच्या दहा. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, तरी त्यांचा नवरा गेला तेव्हा मी ऑफिसात रडलो होतो.

जुलैनंतर वरची खोली आपल्या दोघांची करू. वारा येतो म्हणतेस ना, मग झालं तर. शिवणवर्गाला बाहेर कुठे जागा बघता येईल.

लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझा,
वासुदेव


कऱ्हाड
२ जानेवारी १९९९

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. मुलींच्या हाती लागू दिलं नाही.

गुडघे सासूबाईंचे दुखत होते, माझे नाही. तुम्ही शहाण्णव साली आलात तेव्हा मी ज्या गुडघ्यांना तेल लावत होते ते त्यांचे. माझे उत्तम आहेत. रोज वरच्या खोलीत वीस वेळा चढउतार करते. बिनसाखरेचा चहाही त्यांचाच. मी दोन चमचे घालून घेते, पहिल्यापासून.

तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. चूक कोणाचीही होते. पण अंधारी खोली नको. ती एकतीस पायऱ्यांची चालेल.

जादा कोरं कार्ड जपून ठेवलं होतं, ते यावेळी नीट भरलंय. खिडकी अंगणाकडे. गादी कडक. चहा, साखर दोन चमचे. 'एक पलंग की दोन' यापुढे मी 'दोन खोल्या' असं लिहिलंय. खोडून पुन्हा तेच लिहिलं, म्हणून तिथे गिचमिड दिसेल.

रागावू नका, एवढं मागते.

आपली,
प्रमिला


रोला, शारजा
शुक्रवार, १५ जानेवारी १९९९

सौ. प्रमिलास,
अ. उ. आ.

कार्ड मिळालं.

मी रागावलोय. खोटं कशाला लिहू? दोन पलंग मागितले असतेस तर वय झालं म्हणून हसून सोडून दिलं असतं. दोन खोल्या! मी त्या दोन्या रेमेदिओसला काय तोंडाने कळवू? तेवीस वर्षं सहा माणसांच्या खोलीत, दोन मजली खाटेच्या वरच्या फळीवर काढली. पगार इतका नव्हता की तुला आणायचा परवाना मिळावा. पगार वाढला तेव्हा आई अंथरुणाला खिळली. यातलं काही मी हौसेने केलं का? घर बांधलं, अर्चनाचं लग्न केलं. आता सगळं उरकून येतो म्हणतो तर बायको वेगळी खोली मागते.

बदरुद्दीनने विचारलं, भाभीचं काय उत्तर आलं? मी त्याला म्हटलं, ती खूश आहे. तो रोजाच्या तोंडाने हसला आणि अल्हम्दुलिल्ला म्हणाला. त्याच्याशी मी इतक्या वर्षांत खोटं बोललो नव्हतो.

एकच विचारतो आणि सरळ उत्तर दे. जुलैत मी घरी आलेलो तुला हवा आहे की नाही?

वासुदेव


कऱ्हाड
१ फेब्रुवारी १९९९

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

सरळ विचारलंत, बरं केलंत. सरळ उत्तर असं की मला माहीत नाही. हे लिहायला मला दोन आठवडे लागले.

तुम्ही काय काय सोसलंत ते मला कळत नाही असं समजू नका. कुठल्याच बायकोला कळणार नाही इतकं मला कळतं, कारण तुमचं प्रत्येक पत्र मी जपून ठेवलंय. पण तुम्ही कधी मोजलं आहे का? तेवीस वर्षांत तुम्ही अकरा वेळा आलात, दरवेळी महिनाभर. म्हणजे अकरा महिने. आपल्या संसाराला अजून वर्षही झालेलं नाही.

त्या अकरा महिन्यांत काय होतं, तेही सांगते. तुम्ही येणार म्हणून मी घर धुऊन काढते. रोज दहा माणसं भेटायला येतात, मी चहा करत राहते. तुम्ही बाहेर बसलेले असता, पाहुण्यासारखे, आणि मी यजमानीण. माणसं गेली की दोघांनाही बोलायला काही सुचत नाही. पत्रात इतकं बोलणारा माणूस समोर आला की गप्प का होतो, हे मला कधीच कळलं नाही. शेजारी झोपलेले असताना तुम्ही जागे असता, हे मला कळायचं. वाटायचं, यांना माझं काहीतरी खुपतंय. विचारायची हिंमत झाली नाही. मग तुम्ही जायचात. मी दारात उभी राहून रडायचे आणि तिसऱ्या दिवशी मला मोकळं वाटायचं. त्या मोकळेपणाची मला फार लाज वाटायची. अजूनही वाटते.

सासूबाईंची नऊ वर्षं मी त्यांच्या खाटेशेजारी चटईवर झोपले. त्या गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी दार लावून घेतलं. वरच्या खोलीत माझी खाट, माझा दिवा, माझं कापड कापायचं टेबल. चौदा मुली मला बाई म्हणतात. आणि तुम्ही एका ओळीत ती खोली दोघांची करून टाकलीत आणि वर्गाला बाहेर जागा शोधलीत. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं, मला माहीत आहे. म्हणून तर जास्त लागलं. घर तुमच्या कमाईचं आहे, मी ते नाकारत नाही. पण त्यात राहिले मी.

तुम्हाला सासूबाईंचे गुडघे माझे वाटले. मलाही तुमचं काय माहीत आहे? तुम्हाला काय आवडतं म्हणून विचारलं तर मी शहात्तर सालच्या माणसाचं सांगेन.

स्पेनला मी येते. दोन खोल्या असतील तर येते. माझं उत्तर आत्ता मागू नका. तिथून निघायच्या आधी मी ते देईन, टाळणार नाही.

मनात कडू धरू नका. मी धरलेलं नाही.

आपली,
प्रमिला


रोला, शारजा
शुक्रवार, २६ फेब्रुवारी १९९९

प्रिय प्रमिला,
स. न. वि. वि.

तेवीस वर्षं तुला आशीर्वाद देत आलो. तो अधिकार मला कोणी दिला कोण जाणे. आज नमस्कार लिहितो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ऑफिसात गेलो नाही. कॉर्निशवर, म्हणजे पाण्याकाठच्या रस्त्यावर, जाऊन बसलो. मासे पकडणारी माणसं होती, त्यांच्याकडे बघत राहिलो. पहिल्यांदा तुझा राग आला, मग आईचा, मग स्वतःचा. दुपारी बदरुद्दीन शोधत आला. त्याला खरं सांगितलं. तो माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला की दोन वर्षांपूर्वी त्याने बायकोला इथे आणलं तेव्हा सहा महिने ती सकाळी दचकून उठायची, घरात परका माणूस म्हणून. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्याचं सगळं खलास झालं, म्हणजे सुरळीत लागलं, म्हणून तो आमची खोली सोडून गेला.

आता तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर. तुझ्या शेजारी मी जागा असायचो, कारण मला शांततेत झोप येत नाही. इथे पाच माणसं घोरतात, ए.सी. खडखडतो, कोणीतरी पहाटेच्या ड्युटीला उठतं. त्या आवाजात मी मुलासारखा झोपतो. आपल्या घरी तुझा श्वासही ऐकू येत नाही. मी पडून राहायचो आणि तुला जाग येईल म्हणून कूस बदलायचो नाही. तुझं काही खुपत नव्हतं. एकदाही नाही. हे मी तुला त्याच वेळी सांगितलं असतं तर! पण समोर आलीस की मला शब्द फुटत नाहीत. पत्रात तू माझ्या ओळखीची असतेस. दारात उभी राहिलीस की वाटतं, ही बाई इतकं सगळं एकटीने करते, हिच्याशी मी काय बोलू?

सगळी बुकिंगं बदलली. सेव्हियात एकतीस पायऱ्यांवरच्या दोन खोल्या. ग्रानादातली पलंगाची खोली सोडली, तिच्या वरच्या दोन लहान खोल्या घेतल्या. किल्ला अर्धा दिसेल. दोन्या रेमेदिओसनी उलट फॅक्सने विचारलं, नवराबायको ना, मग दोन खोल्या का? मी कळवलं की पाहुणीच्या कार्डावर तसं लिहिलंय आणि कार्डावर जे असतं त्याबद्दल आम्ही प्रश्न विचारत नाही. त्यांनी विहिरीच्या दोन बाजूंच्या खोल्या दिल्या आहेत, तुझी वरच्या मजल्यावरची, अंजीर. माझी खालची, डाळिंब.

शिवणवर्गाला हात लावणार नाही. तुझं उत्तर नाही असं आलं तर मी कऱ्हाडात वेगळी खोली घेईन. लोकांना काय सांगायचं ते माझ्यावर सोड. अर्चनाला मी स्वतः लिहीन. तुला कोणी बोल लावणार नाही एवढं बघेन.

तुझा लोभ आहे असं धरून चालायची सवय होती. आता तो असावा, एवढी इच्छा धरतो.

वासुदेव


कऱ्हाड
१२ एप्रिल १९९९

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

व्हिसा झाला. मुंबईच्या एजंटाने पासपोर्ट कुरियरने पाठवला, फोटोत मी चोरासारखी दिसते. अर्चना परवा येऊन गेली. तिला वाटतंय की आईबाबा उशिरा का होईना मधुचंद्राला चाललेत. तिने मला एक निळा कोट आणलाय, गुडघ्यापर्यंतचा. मी साडीवर तो घालून आरशात पाहिलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिला मी काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, सांगायचं झालं तर मी सांगेन.

भाजणी, मेतकूट आणि दशम्या घेते. तिथे आपल्याला खाण्यासारखं किती मिळेल ते तुम्हाला ठाऊक असेल, पण तुम्ही आजवर सगळं फॅक्सवरच चाखलंय!

तुमचं फेब्रुवारीचं पत्र मी उशाखाली ठेवत नाही, कारण रोज वाचलं तर मला निर्णय घेता येणार नाही. मला तो पत्र लिहिणाऱ्या माणसाबद्दल घ्यायचा नाही. जो माणूस विमानतळावर भेटेल त्याच्याबद्दल घ्यायचाय. हे तुम्हाला समजेल अशी आशा आहे.

प्रवासात जपून या. मीही येते.

आपली,
प्रमिला


कोर्दोबा
शुक्रवार, १४ मे १९९९, दुपार

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

तुम्ही खाली अंगणात बसला आहात आणि मी वरून तुम्हाला पत्र लिहिते आहे. दोन्या रेमेदिओसकडे खुणांनी कागद मागितला. त्यांनी माझा गाल कुरवाळला आणि अख्खं पॅड दिलं. उद्या सकाळी निघायचं. तुम्ही दुबईला, मी मुंबईला. उत्तर द्यायचं कबूल केलं होतं आणि समोर बसून ते मला जमणार नाही. तुम्हालाही ऐकायला जमलं नसतं.

नऊ दिवस झाले. विमानतळावर तुम्ही मला नमस्कार केलात आणि माझी बॅग घेतलीत. सेव्हियात आपण चहा, चपला आणि उन्हाबद्दल बोललो. ग्रानादात तुम्ही मला किल्ल्याचा सगळा इतिहास सनावळीसकट सांगितलात. तीन इंग्रज बायका तुम्हाला गाइड समजून मागे मागे फिरत होत्या. मला गंमत वाटली, पण संध्याकाळी जेवताना पुन्हा तीच शांतता. मी मनात ठरवत आले होते की हे असंच असणार असेल तर वेगळी खोलीच बरी. दोघांनाही.

काल त्या मोठ्या मशिदीत आपली चुकामूक झाली. खांबांचं नुसतं रान आहे ते. मी घाबरले नाही. थोड्या वेळाने तुम्ही दिसलात, दाराशी उभे होतात, हातात माझी पाण्याची बाटली. येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होतात. तुमची नजर दोनदा माझ्यावरून पुढे गेली. त्या निळ्या कोटात तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी तिथेच खांबाला धरून उभी राहिले. रडूही आलं नाही. वाटलं, झालं, मिळालं उत्तर. रात्री हेच लिहायचं ठरवलं होतं.

आज जेवणानंतर मी वर आले आणि खिडकी उघडी ठेवून पडले. खाली तुमच्याजवळ ते हॉलंडचे म्हातारे गृहस्थ येऊन बसले. त्यांनी तुम्हाला एकटेच आलात का विचारलं. माझं इंग्रजी तुमच्याइतकं नाही, पण ऐकून समजतं. तुम्ही म्हणालात, नाही, माझी बायको वर आराम करते आहे. हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. आपल्या गावात ते कोणाला सांगावं लागत नाही, आणि तिकडे तुम्ही ज्यांना सांगत असाल त्यांच्यात मी नव्हते.

मग तुम्ही बोलतच राहिलात. चौदा मुलींबद्दल, सहा यंत्रांबद्दल. आईचं तिने नऊ वर्षं केलं आणि एका पत्रात कुरकुर नाही. काल मशिदीत ती समोर असून मला ओळखू आली नाही आणि ते तिला दिसलं, हेही तुम्ही त्या परक्या माणसाला सांगितलंत. तुमचा आवाज फुटला होता. त्यांनी विचारलं, रिटायर झाल्यावर कुठे राहणार? तुम्ही म्हणालात, तिचं घर आहे, ती ठेवून घेते का ते बघायचं.

अहो, तिचं घर म्हणालात. मी ऐकत नाही अशी खात्री असताना म्हणालात. त्या घराची वीट न् वीट तुमच्या कष्टाची आहे, आणि त्या म्हाताऱ्याला तुम्ही काहीही सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

मी खूप वेळ रडले. तोंड धुऊन लिहायला बसले.

जुलैत या. खालची पुढची खोली मी तुमच्यासाठी मोकळी करते, तिला रस्त्याकडे खिडकी आहे, रहदारीचा आवाज येईल, तुम्हाला झोप लागेल. वरची माझीच राहील आणि वर्ग आहे तिथेच. सकाळचा चहा मी करीन, दुपारचा तुम्ही करायचा. गप्प बसावंसं वाटलं तर बसा, पण का ते मला सांगून बसा. मला तुमच्यासोबत राहून बघायचंय. आवडेलच असं वचन देत नाही, आणि तुम्हीही मला देऊ नका.

हे पत्र मी आता जिना उतरून तुमच्या हातात देणार आहे आणि तुम्ही वाचून होईपर्यंत समोरच्या खुर्चीवर बसून राहणार आहे. वाचताना वर बघू नका. घर आपलं आहे असं म्हणायला मला अजून थोडा वेळ लागेल. तेवढा द्या.

तुमची,
प्रमिला